‘ला कालिस्तो’: लेपर्डची आणि याकोब्सची

‘ला कालिस्तो’ या ऑपेराची लेपर्ड आणि याकोब्स या दोन संगीत-संचालकांची ही रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐकली, तर दुसऱ्या वेळी भलताच ऑपेरा लागला की काय अशी शंका येते. दोन्हींवर नाव सतराव्या शतकातल्या इटालियन संगीतकार काव्हाल्लीचेच. दोन्हींना ‘पुनरुज्जीवन’च म्हणतात, आणि घोळ तिथेच होतो.

मूळ प्रयोग १६५१ सालचा, व्हेनिसमधला. प्रेक्षक फारसे फिरकले नाहीत. प्रयोगांची मालिका चालू असतानाच संहिताकार फाउस्तिनी वारला आणि ११ प्रयोगांनंतर पडदा पडला. कथा प्राचीन रोमन कवी ऑविडची. कालिस्तो ही डायाना देवीची व्रतस्थ सखी. देवांचा राजा ज्युपिटर डायानाचेच रूप घेऊन तिला भुलवतो. इकडे खरी डायाना, तीही व्रतस्थ, एका मेंढपाळात चोरून जीव गुंतवून बसलेली.

हस्तलिखित व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयात टिकले. पण त्यात बहुतेक पानांवर दोनच ओळी: वर गाणाऱ्याची, खाली खर्जाची. मधले सगळे वादकांनी जागच्या जागी भरायचे. वहीतली बंदिश आणि मैफलीत रंगलेली बंदिश यांत जेवढे अंतर, साधारण तेवढेच इथेही.

ते अंतर रेमंड लेपर्डने १९७० साली इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नला आपल्या मनाने भरले. तंतुवाद्यांचा भरघोस ताफा, कापलेले प्रसंग, इकडून तिकडे हलवलेले संगीत. खरी डायाना आणि डायानाच्या रूपातला ज्युपिटर, दोन्ही गायिका जॅनेट बेकरने गायले. ऐकायला हे विलक्षण सुंदर आहे, पण काव्हाल्लीपेक्षा लेपर्डचेच जास्त. त्या काळच्या व्हेनिसमध्ये शब्द आधी आणि सूर त्यामागून. इथे व्हायोलिनच्या लाटेत शब्द वाहून जातात.

रने याकोब्सने १९९३ साली ब्रुसेल्समध्ये उलट वाट धरली: त्या काळची वाद्ये, गाता गाता बोलल्यासारखी लय. त्याचा ज्युपिटर स्वतःच आवाज चढवून स्त्रीकंठात गातो. त्यामुळे फसवणूक विनोदी होते आणि किळसवाणीही. बेकरच्या गळ्यात ती फक्त मोहक वाटते. हस्तलिखितात हा भाग उंच पट्टीतच लिहिलेला असल्याने दोन्ही पर्याय बसतात. माझे मत याकोब्सला.

मात्र याकोब्सची ती ‘अस्सल’ आणि लेपर्डची नकली, असा निकाल देऊन मोकळे होऊ नये. मूळ प्रयोगात वादक बोटांवर मोजण्याइतके होते. याकोब्सनेही वाद्यांची भर घातलीच. फरक इतकाच की त्याने ती काव्हाल्लीच्या काळातली वाद्ये शोधून घातली. आणि लेपर्डने आधी हे बाड उघडले नसते, तर याकोब्सला वाद घालायला समोर कोण होते?

कालिस्तोचा पहिलाच प्रसंग दोन्हींत ऐकून पाहा. आगीत होरपळलेल्या रानात कालिस्तो आटलेल्या झऱ्यांपाशी सावली आणि पाणी शोधते आहे. लेपर्डकडे ते रान हिरवेगार ऐकू येते. याकोब्सकडे घसा कोरडा पडतो.

शेवटी ज्युपिटरची बायको ज्यूनो तिला अस्वल करते आणि ज्युपिटर आकाशात जागा देऊ करतो. आपले सप्तर्षी त्याच अस्वलाच्या अंगावर आहेत.