डीप स्प्रिंग्ज कॉलेज

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या इन्यो काउंटीमधील दोन वर्षांचे निवासी कॉलेज. व्हाइट आणि इन्यो पर्वतांमधल्या वाळवंटी खोऱ्यात, सुमारे १,६०० मी. उंचीवर, गुरांच्या रँचवरच ते वसले आहे. विद्यार्थी जेमतेम २५ ते ३०. सर्वांत जवळचे गाव बिग पाइन. तिथे जायचे तर वेस्टगार्ड खिंड ओलांडून ४५ किमी.च्या आसपास प्रवास.

संस्थापक एल. एल. नन हे वीजउद्योजक. कोलोरॅडोत टेल्युराइडजवळ खाणीला दुरून प्रत्यावर्ती (एसी) वीज पुरवणारे एम्स केंद्र त्यांनी १८९१ मध्ये सुरू केले. जाणकार माणसे मिळेनात, म्हणून वीजकेंद्रांवरच पोरांना कामाबरोबर शिकवायची पद्धत त्यांनी पाडली. त्याच वाटेने पुढे १९१७ मध्ये रँच विकत घेऊन हे कॉलेज निघाले. नन १९२५ मध्ये वारले.

अभ्यास, श्रम आणि स्वशासन ही त्रिसूत्री. आठवड्याला किमान २० तास काम सक्तीचे. शिकवणी, राहणे-जेवण यांचा खर्च कॉलेजकडे. पुष्कळांनी इथे येईपर्यंत गाईच्या कासेला हातही लावलेला नसतो. धार दोन वेळा, पहिली भल्या पहाटे. कास नीट रिकामी झाली नाही की दगडी (कासेला सूज येण्याचा आजार) होण्याचा धोका वाढतो आणि दूध वाया जाते. त्यामुळे 'उद्या बघू' इथे चालत नाही. डोंगरातून येणाऱ्या ओढ्याच्या पाण्यावर लसूणघास (अल्फाल्फा, गुरांचा चारा) होते. कापल्यावर ती ओलसर असतानाच गठ्ठे बांधले तर आतून तापून बुरशी धरते. फार वाळू दिली तर पाने झडून नुसत्या काड्या उरतात, आणि कस तर पानांतच. हिरवी लसूणघास उपाशी जनावराने भरपेट खाल्ली की पोट फुगते. उन्हाळ्यात गुरे वरच्या डोंगरात चरायला नेतात. दर दोन वर्षांनी सगळे हात बदलतात, ही या व्यवस्थेची खरी दुखती नस. म्हणून जुन्यांनी नव्यांना शिकवायचे आणि रँच व्यवस्थापक मात्र पगारी, अनुभवी ठेवायचा.

प्रवेश कोणाला द्यायचा, कोणते प्राध्यापक नेमायचे, यांत विद्यार्थ्यांच्या समित्यांचा शब्द चालतो. विश्वस्त मंडळावरही त्यांचे प्रतिनिधी मतदान करतात. सत्र चालू असताना दारूबंदी आणि विनाकारण खोरे न सोडणे, हे निर्बंध विद्यार्थी स्वतःच स्वतःवर घालतात.

नन यांच्या विश्वस्तपत्रात (संस्था कशी चालवायची त्या अटींच्या दस्तऐवजात) 'होतकरू तरुण मुलगे' असे शब्द होते. विश्वस्तांनी २०११ मध्ये मुलींना प्रवेश द्यायचे ठरवले, तेव्हा त्याच शब्दांवरून मंडळात फूट पडून प्रकरण कोर्टात गेले. अपील न्यायालयाने २०१७ मध्ये बदल मान्य केला; २०१८ च्या उन्हाळ्यात मुलींची पहिली तुकडी दाखल झाली.