बीजांडकोशांची अकाली अकार्यक्षमता

चाळिशीच्या आत बीजांडकोशांचे काम मंदावणे किंवा थांबणे. बोलताना आपण ‘पाळी लवकर गेली’ म्हणतो. वैद्यकातही बरीच वर्षे ‘अकाली रजोनिवृत्ती’ हाच शब्द चालत आला. तो फसवा आहे. रजोनिवृत्तीत पाळी कायमची जाते. येथे मात्र बीजांडकोश मधूनच जागे होतात, दोन-तीन महिने पाळी येते आणि शंभरातल्या पाच-दहा जणींना उपचारांविना दिवसही जातात.

अमेरिकी वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी १९४२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा नसून बीजांडकोशाचाच, हे त्यांनी संप्रेरकांवरून दाखवले. निदान आजही त्याच वाटेने होते. बीजांडकोशातून इस्ट्रोजेन आणि इनहिबिन ही संप्रेरके पुरेशी आली, की पीयूषिका बीजांडकोशाला चालना देणारे आपले एफएसएच हे संप्रेरक आवरते घेते. ती दोन्ही येईनाशी झाली की एफएसएच चढत जाते. चार महिने पाळी नाही किंवा अनियमित आहे, एफएसएच लिटरमागे २५ आंतरराष्ट्रीय एककांच्या वर आणि इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) तळाला, असा अहवाल आला की निदान जवळपास पक्के. शंका असेल तर चार-सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. उरलेल्या बीजांडांचा अंदाज देणारे एएमएच हे संप्रेरक अगदी कमी असते, पण केवळ त्या एका आकड्यावर निदान करू नये. पाळी येण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एफएसएच दबलेले दिसते आणि महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होत असल्याने कोणाला शंकाही येत नाही.

कारण बहुतेकींत सापडतच नाही. सापडते तेव्हा ते अनेकदा गुणसूत्रांत असते: टर्नर सिंड्रोममध्ये एक एक्स गुणसूत्र नसते किंवा अपुरे असते. एफएमआर१ जनुकातील एका तुकड्याची सदोष पुनरावृत्ती ५५ ते २०० वेळा असलेल्या सुमारे पाचांपैकी एकीला हा विकार होतो. याच घराण्यात पुढे मतिमंदत्व असलेले मूल जन्मू शकते, म्हणून या जनुकाची चाचणी टाळू नये. थायरॉइड वा मूत्रपिंडावरील अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर उलटलेली प्रतिकारशक्ती, सायक्लोफॉस्फामाइडसारखी केमोथेरपी, ओटीपोटावरील किरणोपचार, चॉकलेट सिस्टची (बीजांडकोशातील जुन्या रक्ताच्या गाठीची) शस्त्रक्रिया हीही कारणे आहेत.

अंगातून वाफा, योनीचा कोरडेपणा, झोपमोड ही लक्षणे दिसतात. हाडे मात्र गुपचूप ठिसूळ होतात. त्यामुळे ही औषधे घेण्यास वैद्यकीय अडचण नसल्यास साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन देतात. या औषधांनी गर्भधारणा रोखली जात नाही. मूल नको असेल तर वेगळे साधन वापरावे लागते.