आधी फ्रेंच, मग लॅटिन : संत द ला साल यांच्या शाळांची पार्श्वभूमी

सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये मूल वाचायला बसले, की बहुधा आधी लॅटिन मजकूर गिरवायचे. चर्चमधल्या प्रार्थना लॅटिनमध्ये, म्हणून वाचनाचा ओनामाही त्याच भाषेत. मजुराच्या मुलाला हे परवडणारे नव्हते. अक्षरे जुळवता येऊ लागतात न लागतात, तोच घरचे त्याला कामाला जुंपत आणि लॅटिन तर नाहीच, फ्रेंचही धड वाचता येत नसे.

झाँ-बातिस्त द ला साल यांचा जन्म १६५१चा, रँस शहरातल्या सुखवस्तू घरातला. सोळाव्या वर्षीच कॅथीड्रलमध्ये, म्हणजे शहरातल्या मुख्य चर्चमध्ये, कॅननचे (तिथल्या धर्ममंडळाच्या सदस्याचे) मानाचे आणि उत्पन्नाचे पद मिळाले. १६७९ मध्ये आद्रियाँ निएल हे गृहस्थ गरीब मुलांसाठी शाळा काढायला रँसला आले. द ला साल यांनी त्यांना हात दिला, तोही वरवरचाच. त्या शाळांतले मास्तर आपल्याला घरच्या नोकरापेक्षाही खालचे वाटत, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच मास्तरांना १६८१ मध्ये त्यांनी आपल्या घरी राहायला आणले. नातेवाईक बिथरले. देवावर भरवसा ठेवा, असे द ला साल मास्तरांना सांगत. मास्तर म्हणत, तुमचे पोट भरलेले आहे, उद्या शाळा बंद पडल्या तर आम्ही काय खायचे? हे त्यांच्या जिव्हारी लागले. १६८३ मध्ये त्यांनी कॅननपद सोडले. पाठोपाठ दुष्काळ पडला, तेव्हा वारशाची संपत्ती भाकरीच्या रूपाने गोरगरिबांत वाटून टाकली. त्या पैशातून शाळांची कायमची सोय करता आली असती. पण मास्तरांच्या पंगतीला बसायचे, तर रिकाम्या हातानेच, असे त्यांनी ठरवले. मला तरी त्यांच्या चरित्रातला हा सर्वात मोठा क्षण वाटतो.

त्यांच्या शाळांत वाचन फ्रेंचपासून सुरू झाले. एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवण्याऐवजी सारा वर्ग एकत्र शिकू लागला. फी नव्हतीच. पॅरिसमधल्या फी घेऊन हस्ताक्षर शिकवणाऱ्या मास्तरांच्या संघटनेला हे खपले नाही; त्यांनी कोर्टकज्जे केले आणि १७०४ मध्ये द ला साल यांना दंडही झाला.

१७१९च्या गुड फ्रायडेला रुआँ येथे त्यांचे निधन झाले. १९०० मध्ये त्यांना संतपद मिळाले, तर १९५० मध्ये बाराव्या पायस पोपनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

त्यांच्या संघातल्या व्रतस्थ शिक्षकांना, म्हणजे ‘ब्रदरां’ना, धर्मगुरू होण्याची मुभा नव्हती, लॅटिन शिकण्याचीही नव्हती. वेदीकडे वळलेला मास्तर वर्गात परतणार नाही, हे द ला साल यांनी ओळखले होते.