बाळाची गुळणी आणि बाळाची उलटी

भाची बाळंतपणाला ऐरोलीला आली. तिसऱ्या आठवड्यात घरात एकच घोर: "बाळ सारखं ओकतंय गं मावशी." मी बसून पाहिलं. पाजून झालं की ओठाच्या कडेने चमचाभर दूध ओघळायचं, कधी फुटलेलं, आणि बाळ आपलं मजेत. ही गुळणी.

अन्ननलिका जठराला मिळते तिथलं स्नायूचं कडं तान्ह्या बाळात अजून सैल असतं. त्यात आहार निव्वळ पातळ आणि बाळ दिवसभर आडवं, म्हणून दूध विनासायास वर येतं. ते फुटतं जठरातल्या आम्लाने; आईने काही बाधणारं खाल्लं म्हणून नाही. उगाच तिचं जेवण तोडू नका. चौथ्या महिन्याच्या आसपास गुळण्या सर्वांत जास्त होतात, वर्षाच्या आत बहुतेकांच्या थांबतात. दुपट्यावरचा डाग फसवतो. चमचाभर पाणी ओतून बघा, केवढा पसरतो ते. बाळ बाळसं धरतंय, दिवसाला सहाएक लंगोट ओले होताहेत, तर ढेकर काढायची आणि थोडा वेळ खांद्याशी उभं धरायचं, बस.

झोपवायचं मात्र उताणंच. दूध श्वासात जाईल म्हणून आज्या कुशीवर वळवतात. पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर राहते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात सहसा शिरत नाही.

उलटीला जोर लागतो. पोट आवळतं, बाळ कळवळतं. एखादी झाली तर लक्ष ठेवा. पण दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची प्रत्येक पाजण्यानंतर हातभर लांब उडत असेल आणि लगेच ते पुन्हा भुकेने कासावीस होत असेल, तर जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट आवळली असण्याची शक्यता असते. मुलग्यांत हे मुलींच्या चौपट दिसतं. जर्मन सर्जन रामस्टेट यांनी 1912 मध्ये मांडलेली छोटी शस्त्रक्रिया यावर आजही करतात आणि बाळं छान बरी होतात. उशीर झाला तर अंगातलं पाणी आणि क्षार कमी होतात. लंगोट कोरडे राहू लागतात.

हिरवी उलटी मात्र एकदा झाली तरी पुरे. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे तासातासाला महत्त्व असतं. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सकाळची वाट न बघता, मुलांचे डॉक्टर असतील अशा रुग्णालयात निघा. ते दुपटं धुऊ नका, सोबत न्या. डॉक्टरांना रंग बघू द्या.