मोटारीची चावी : बिघाड, बदल व जादा चावी

मोटारीची बिघडलेली चावी बदलून घेणे आणि रोजच्या चावीखेरीज आणखी एक चावी कायम तयार ठेवणे ही वाहनाच्या देखभालीतील परस्परांशी निगडित कामे आहेत. आजच्या चावीत बहुधा तीन स्वतंत्र भाग असतात : कुलपात फिरणारे धातूचे पाते, दारे उघडणारा रिमोट आणि इंजिन सुरू होऊ देणारी ट्रान्सपॉन्डर चिप. दोष यांपैकी कशात आहे हे आधी पाहिले, तर पुष्कळदा नवी चावी घ्यावीच लागत नाही.

बटण दाबून दारे उघडत नाहीत, पण इंजिन सुरू होते, अशा वेळी बहुधा रिमोटचा सेल संपलेला असतो. अनेक चाव्यांत सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा, २० मिमी व्यासाचा चपटा सेल बसतो. लहान मुलाने तो गिळल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते, म्हणून काढलेला सेलही मुलांच्या हाती लागू देऊ नये.

ट्रान्सपॉन्डर चिपला सहसा स्वतःचा सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून, अनेक गाड्यांत सुमारे १२५ किलोहर्ट्झ वारंवारतेवर, चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपला संकेतांक कळवते. तो इमोबिलायझरच्या, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदीत असेल तरच इंजिन चालते. इंजिन क्षणभर सुरू होऊन लगेच बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर चावीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर चिप किंवा ते वेटोळे तपासावे लागते. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. तेव्हापासून नुसते पाते कापून बनवलेली चावी अशा गाडीचे दार उघडते, पण इंजिन सुरू करू शकत नाही.

नवे पाते झिजलेल्या चावीवरून कापून घेणे चुकीचे ठरते, कारण मूळ चावीची झीज नकलेतही उतरते. गाडीसोबत मिळालेल्या चावी क्रमांकावरून कापलेले पाते अधिक अचूक असते. त्यानंतर चिपची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. काही गाड्यांत दोन चालू चाव्या हाताशी असल्या तर मालकाला तिसरीची नोंद स्वतःच करता येते. एकही चावी उरली नसेल, तर बऱ्याचदा गाडी ओढून कार्यशाळेत न्यावी लागते, मालकीची कागदपत्रे दाखवावी लागतात आणि काही मॉडेलांत नियंत्रण संचही बदलावा लागतो. त्यामुळे जादा चावी करून घेण्याची योग्य वेळ पहिली चावी धड असतानाचीच होय. चावी हरवली असल्यास तिची नोंदही त्याच वेळी पुसून घ्यावी. तसे न केल्यास ती सापडलेल्या माणसाला गाडी चालू करता येते.

जादा चावी गाडीत ठेवू नये. ती अधूनमधून वापरावी, म्हणजे सेल उतरल्याचे वेळीच कळते. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीच्या चावीत बहुधा एक छोटे पाते दडवलेले असते. सेल संपल्यावर त्याने दार उघडावे आणि चावी, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, स्टार्ट बटणाला किंवा नेमलेल्या जागी टेकवून इंजिन सुरू करावे.