ऐच्छिक चित्र-फिल्टर (विकिपीडिया)

नग्नता, हिंसा किंवा धार्मिकदृष्ट्या आक्षेपार्ह वाटणारी चित्रे वाचकाला स्वतःपुरती झाकता यावीत, यासाठी विकिपीडिया व सहप्रकल्पांसाठी सुचवलेली, पण कधीच अमलात न आलेली सोय. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेच्या विश्वस्त मंडळाने मे २०११च्या ठरावात ती मागितली. चित्र लेखातून काढायचे नव्हते. वाचकाने नको म्हटलेल्या प्रकारातले चित्र झाकलेले दिसावे आणि हवे तेव्हा उघडता यावे, खाते नसलेल्यांनाही, एवढीच अपेक्षा होती.

ऑगस्ट २०११मध्ये या सोयीचे महत्त्व ० ते १० या मापावर विचारले गेले. सुमारे २४ हजार जणांनी मत दिले आणि सरासरी ५.७ आली. ही सरासरी फसवी आहे, कारण सर्वाधिक मते ० आणि १० या दोन टोकांना पडली. शिवाय ‘फिल्टर हवा की नको’ हा सरळ प्रश्न विचारलाच नव्हता. जर्मन विकिपीडियाच्या स्वतंत्र मतदानात ८६ टक्के मते विरोधात गेली.

खरा पेच बटणाचा नव्हता, शिक्क्यांचा होता. फिल्टर चालायला प्रत्येक चित्रावर ‘नग्नता’, ‘हिंसा’ असा शिक्का हवा. तो कोण मारणार? स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीचे चित्र, संगमरवरी शिल्प आणि कामुक छायाचित्र एकाच खान्यात टाकायचे का? उघडे केस एका समाजात सहज चालतात, दुसऱ्यात नाहीत; मग जगभरच्या वाचकांसाठी ठरावीक प्रकारांची यादी तटस्थ कशी राहील? कॉमन्स या विकिमीडियाच्या सामाईक चित्रसंग्रहातले वर्ग आयते वापरावेत, तर ते विषयानुसार लावलेले असतात आणि उपवर्गांतून खाली उतरत गेले की भलतीच चित्रे हाती लागतात. याहून गंभीर धोका असा, की शिक्के सर्वांना खुले असल्याने एखादे सरकार किंवा इंटरनेट सेवादाता तीच यादी घेऊन चित्रे सक्तीने अडवू शकतो. तिथे वाचकाची निवड संपते. विरोधकांचा हा मुद्दा सर्वांत भक्कम होता.

समर्थकांचे म्हणणेही हलके नव्हते: कार्यालयात किंवा मुलांसमोर लेख उघडणाऱ्याला अनपेक्षित चित्राचा धक्का का बसावा? त्यावर शिक्क्यांविना चालणारे उपाय पुढे आले. त्यांतला साधा उपाय म्हणजे सगळीच चित्रे झाकून हवे ते टिचकीने उघडणे. इथे निवाडा वाचकाकडेच राहतो. मात्र नकाशे आणि आकृत्याही झाकल्या जातात.

जुलै २०१२मध्ये मंडळाने आपली मागणी मागे घेतली. खातेधारकांना आजही स्वतःच्या सीएसएस पानावर (पाने कशी दिसावीत हे ठरवणाऱ्या सूचनांचे पान) नियम लिहून ठरावीक चित्रे लपवता येतात. त्यासाठी चित्राच्या संचिकेचे नाव माहीत असावे लागते.