लाईट गेली की छतावरचं सोलरही का थांबतं?

‘छतावर सोलर बसवलं की लाईट गेली तरी पंखे-दिवे चालूच राहतात,’ हा समज जुना आहे. आणि साहजिकही, ऊन तर असतंच ना.

पण इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र; नेट मीटरवरचा (दिलेली-घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरवरचा) साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिडच्या, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनच्या, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झशी सूर जुळवूनच वीज सोडतो. ग्रिड गेली की तो एक-दोन सेकंदांत मुद्दाम बंद होतो. नाही झाला तर तुमच्या छतावरची वीज उलटी लाईनवर जाईल, आणि खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल.

खात्री करायचीय? भर दुपारी इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा-स्विच) पाडा. डिस्प्लेवर ‘नो ग्रिड’सारखा संदेश येईल, किलोवॅटचा आकडा शून्य. एमसीबी परत वर केला तरी इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. साधारण एक ते पाच मिनिटं ग्रिड तपासतो. पॅनेलकडून येणाऱ्या डीसी वायरचे कनेक्टर मात्र उन्हात ओढू नका, ठिणगी उडते.

बॅकअप हवाच असेल तर हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि दिवे, पंखे, राऊटर वेगळ्या डीबीवर (स्विचच्या वितरण पेटीवर) काढावे लागतात. लिफ्ट त्यावर टाकू नका: मोटर सुरू होताना कित्येक पट करंट ओढते आणि छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो.